मामाचा लाल ठिपका

दुकान,
४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

कान कसा आहे? म्हणजे आहे ना जागेवर? मावशी फोनवर म्हणाली की ऑपरेशन झक्कास झालं, आता दीड-दोन महिने पट्टी, आणि तुला काहीच ऐकू येत नाही म्हणून ती पाटीवर लिहून विचारते चहा हवा का. मामा, जन्मात पहिल्यांदा मावशी बोलतेय आणि तुला ऐकू येत नाहीये. मजा करून घे.

मला पत्र लिहायची सवय नाही हे तुला माहितीये. शाळेत दहा मार्कांना ‘मामास पत्र लिहा’ असं आलं होतं, तर मी लिहिलं, ‘मामा खालीच दुकानात बसलाय, पत्र कशाला.’ मुख्याध्यापिका बाईंनी शून्य दिलं आणि वर वर्गाबाहेर उभं केलं. चूक काय होती ते मला अजून कळलेलं नाही.

आणि परवा दुकानात कोण आलं असेल? त्याच बाई! टॅक्सीवाल्याच्या हातात ग्रामोफोनचं खोकं, मागे बाई काठी टेकत. मला बघून चष्मा नाकावर खाली घेतला.

“मामा नाहीत?”

“कानाचं ऑपरेशन झालंय. दोन महिने मीच.”

“तू? वर्गात बसून खिडकीबाहेर बघायची ती तूच ना?”

“नाही बाई. मी बाहेर उभी राहून खिडकीतून वर्गात बघायची ती.”

हसल्या नाहीत. म्हणाल्या, “चावी दिली की मध्येच धप्प असा आवाज येतो. तुला जमणार असेल तर ठेवते, नाहीतर मामा येईपर्यंत थांबते.” आणि टॅक्सीवाल्याला ‘जरा थांबा हं’ म्हणाल्या, म्हणजे मी नाही म्हणणार याची खात्रीच. मी ठेवून घेतलं.

सगळं तू शिकवलंस तसंच केलं. आधी चावी पूर्ण उतरू दिली, मग स्प्रिंगचा ड्रम उघडला. हातमोजे घातले होते, ओरडू नकोस. तरी स्प्रिंग शेवटी सुटलीच आणि तिने भिंतीवरचं कॅलेंडर सपकन खाली आणलं. आतलं ग्रीस डांबर झालं होतं, वेढे एकमेकांना चिकटून मग एकदम सुटायचे, तोच तो धप्प. रॉकेलने धुतलं, नवीन ग्रीस भरलं, वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरचे तिन्ही गोळे पुसले, थेंब थेंब तेल सोडलं. आता लोण्यासारखं फिरतंय. वेगाच्या काट्यापाशी लाल ठिपकासुद्धा लावला, बरोबर वेगाची खूण म्हणून तू लावतोस तसा, तुझ्याच बाटलीतला.

एक छोटीशी गंमतही केलीय. आल्यावर सांगेन. बाई दोन दिवसांत नाक फुगवून परत येतात की नाही बघच.

तुझी,
भिंगरी

•

९ फेब्रुवारी

[पाकिटावर मामांचं नाव, पत्ता दुकानाचा]

सप्रेम नमस्कार.

आपण ऑपरेशनसाठी गेला आहात असं आपली भाची म्हणाली. तिने हे पत्र आपल्याकडे पाठवावं. मी स्वतः आले असते, पण त्या दिवशी दुकानात येऊन गेल्यापासून गुडघे जिना उतरू देत नाहीत.

यंत्र उत्तम झालं आहे. धप्प आवाज गेला. आपल्या भाचीला मी दुकानात जरा टाकून बोलले, तेवढं तिला सांगा की हात चांगला आहे. अक्षर अजून भयंकरच आहे, पावती वाचायला मला शेजारच्यांना बोलवावं लागलं.

माझ्याकडे तबकडी एकच, हे आपल्याला माहीत आहे. प्रदर्शनात यंत्रापुढे उभं करून ह्यांचा आवाज भरून घेतला होता ती. ह्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. धप्प सुरू झाल्यापासून मी ती लावली नव्हती, मध्ये वर्ष गेलं असेल. यंत्र घरी आल्यावर लगेच लावली. आणि काय सांगू, मी चकितच झाले. ह्यांचा आवाज मला जाड आणि संथ आठवत होता. शेजारीपाजारी म्हणायचे, पाणीखात्यातला माणूस आहे, बोलतोही नळाला कमी दाबाने पाणी आल्यासारखा. आणि तबकडीवर तर चांगला तरतरीत, हलका आवाज आहे. घाईत असल्यासारखा. मी रोज ऐकते आहे, की आठवेल, आठवेल. आठवत नाही.

आपल्या ठिपक्यावर काटा आहे, तेव्हा यंत्राची चूक नाही. चूक माझीच.

मुलगा वर्षभर सांगतो आहे की तुझ्या लक्षात राहत नाही, घर बंद कर, आमच्याकडे ये. मी भांडत होते. चष्मा हरवला, दूध उतू गेलं, त्याने काय होतं? पण चाळीस वर्षं जो आवाज घरात होता तोच माझ्या डोक्यात चुकीचा बसला असेल, तर मी कुठल्या तोंडाने भांडू? त्याला होकार कळवला आहे. बावीस तारखेला तो येऊन घराच्या किल्ल्या भाडेकरूला देईल.

यंत्र घेऊन जाईन म्हणते. नातवंडांना आजोबा ऐकवता येतील. आपले आभार मानायचे होते, म्हणून लिहिलं.

आपली,
बाई

•

दुकान,
११ फेब्रुवारी

प्रिय मामा,

इकडे सगळं ठीक. पाऊस नाही, गिऱ्हाईक नाही, पाल आहे. कॅलेंडर परत लावलं.

बाईंचं पत्र आलं, तुझ्या नावाने होतं, मी फोडलं. खूश आहेत. धप्प गेला म्हणाल्या. माझा हात चांगला आहे असं तुला सांगायला सांगितलंय, म्हणून सांगतेय. बाकी काही विशेष नाही. आल्यावर वाच.

एक विचारायचं होतं. समजा एखाद्या यंत्रावरचा ठिपका चुकून पुसला गेला, रॉकेलने पुसताना वगैरे, तर तो परत बरोबर जागी कसा लावायचा? असंच विचारतेय, शिकायला म्हणून.

कानाला जप. मावशीला सांग, पाटीवर जरा कमी लिही.

भिंगरी

•

मावशीचं घर,
१४ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

तुझं पत्र वाचून मावशीला म्हटलं, पोरगी सुधारली. ती पाटीवर म्हणाली, ताप असेल.

बाई कुणाची अशी स्तुती करत नाहीत. माझी तर कधीच केली नाही. तू कॉलर ताठ करून फिरत असशील, फिर. मी इथे ज्याला त्याला सांगतोय की दुकान भाची बघते. ऐकू येत नसलं की एक बरं असतं, लोकांना मध्ये बोलता येत नाही.

तू विचारलंस ते सोपं आहे. तबकडीच्या कडेखाली कागदाची चिठोरी अडकवायची आणि घड्याळ लावून मिनिटभर फेऱ्या मोजायच्या. अठ्ठ्याहत्तर भरेपर्यंत काटा हलवायचा. भरल्या की तिथे ठिपका. गिऱ्हाईक त्या ठिपक्यापुढे डोकं चालवत नाही. मामाने बघितलंय म्हणजे झालं, अशी त्यांची समजूत. म्हणून मी ठिपका सगळ्यात शेवटी लावतो, हात धुऊन.

फक्त बाईंच्या यंत्राला हे लागू नाही हं. ती तबकडी कारखान्यातली नाही, प्रदर्शनात भरलेली. भरणाऱ्याचं यंत्र कुठल्या वेगाने फिरत होतं कुणास ठाऊक, अठ्ठ्याहत्तरावर लावली तर भलताच आवाज येतो. तेव्हा बाईंचे मिस्टर स्वतः दुकानात आले होते. काउंटरपाशी उभे राहून ते तबकडीवरची वाक्यं पुन्हा पुन्हा बोलत होते, मी इकडे स्क्रू फिरवत होतो, आणि बाई मध्ये बसून डोळे मिटून हात वर करून सांगत होत्या, अजून जरा, अजून जरा, आता हे. दोघांचं भांडणही झालं. ते म्हणत, मी इतका रडका बोलत नाही. बाई म्हणाल्या, तुम्हाला काय माहीत, ऐकते मी. तिथे मी ठिपका लावला. म्हणून तो ठिपका जपायला हवा, आता मोजून तो कुणालाच काढता यायचा नाही. मिस्टर नाहीत आणि माझे कान हे असे. तू तो सांभाळला असशीलच, बाई खूश आहेत म्हणजे.

ग्रीसचा डबा झाकून ठेव, धूळ बसते.

मामा

•

दुकान,
१७ फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र आत्ता आलं. मी ते शटर अर्धं खाली ओढून वाचलं.

मी पुसला. तो ठिपका मीच पुसला. रॉकेलच्या फडक्याने, हसत हसत. कुठे होता ते बघितलंसुद्धा नाही, प्लेटवरचे आकडे तर कधीचेच घासून गेलेत. काटा जास्त वेगाच्या बाजूला सरकवला आणि तिथे तुझा लाल रंग लावला. हीच ती माझी गंमत. मला वाटलं बाई गाणी लावतील, गाणारा गाडी पकडायला निघाल्यासारखा गाईल, बाई तणतणत येतील, मी काउंटरवर कोपर टेकून म्हणेन, “बाई, जमेल की नाही सांगता येत नाही, मामा येईपर्यंत थांबा.” एवढंच. एवढंच म्हणायचं होतं मला. मग लगेच ठीक करून दिलं असतं.

त्या आल्याच नाहीत. त्यांनी पत्र पाठवलं. ते सोबत पाठवतेय, तूच वाच. खूश आहेत असं मी लिहिलं ते खोटं नव्हतं, पण मामा, ते खोटंच होतं. त्या घर सोडतायत. माझ्या फडक्यामुळे. त्यांना वाटतंय की नवऱ्याचा आवाज त्या विसरल्या. यंत्राची चूक नाही म्हणतात, कारण ठिपका तुझा आहे.

मी पत्र चार वेळा वाचलं. दरवेळी ‘चूक माझीच’ आलं की पुढचं वाचवत नाही. बाईंनी मला इतकी वर्षं नालायक म्हटलं तेव्हा मला कधी काही वाटलं नाही, उलट मी घरी येऊन त्यांची नक्कल करायचे. आता त्यांनी हात चांगला आहे म्हटलं तर तो हात मला खिशात घालून ठेवावासा वाटतोय.

तुला आधी सांगायला हवं होतं. अकरा तारखेला लिहायलाच बसले होते. पेन उचललं आणि पाल आहे असं लिहिलं.

तुझं उत्तर येईपर्यंत बावीस तारीख होऊन जाईल, आणि हे मावशीला फोनवर सांगून पाटीवर लिहायला लावणं मला जमणार नाही. म्हणून थांबत नाही. उद्या त्यांच्याकडे जाऊन सांगते. पुढे काय करायचं ते मला माहीत नाही. ठिपक्याची जागा कुणालाच माहीत नाही, तूच लिहिलंयस.

मामा, तू तिकडे लोकांना सांगतोयस ना माझ्याबद्दल, ते बंद कर.

भिंगरी

•

मावशीचं घर,
१७ फेब्रुवारी

भिंगरे,

मागचं पत्र टाकलं आणि तुझं पुन्हा काढून वाचलं. ‘असंच विचारतेय, शिकायला म्हणून.’ तू लहानपणापासून कधीच काही असंच विचारलेलं नाहीस. फुटलेल्या बरणीचे तुकडे पाठीमागे धरून तू विचारायचीस, मामा, काच कशी चिकटवतात रे?

काय केलंस ते मी विचारत नाही. मला लिहूही नकोस, ज्यांना सांगायचं त्यांना सांग.

ठिपका मोजून काढता येत नाही असं मी लिहिलं. पण त्याची जागा मला आठवते. बाईंच्या यंत्रावर काट्याखालच्या प्लेटला एक तिरका ओरखडा आहे. तो माझाच, त्या दिवशी नवराबायकोच्या भांडणात मला हसू आलं आणि पेचकस निसटला. ठिपका त्या ओरखड्याच्या डावीकडे होता, अगदी लगत नाही, मध्ये तांदळाचा दाणा मावेल एवढी जागा. मी बाईंची माफीही मागितली होती ओरखड्याबद्दल. त्या म्हणाल्या, राहू दे, ओळखायला बरा.

मी दुकानावर पाटी कधी लावली नाही, तू लहानपणी सारखी विचारायचीस का. गरज पडली नाही गं. या गावात जिथे जिथे तो ठिपका आहे, तिथे मी बोललोय, आणि ते शब्द माझे आहेत.

मामा

•

दुकान,
२१ फेब्रुवारी

मामा,

उद्या जाते असं लिहिलं होतं, तर त्या दिवशी त्यांच्या जिन्यापर्यंत जाऊन परत आले. दुसऱ्या दिवशी दारापर्यंत. आत पोचले काल.

घरात सगळीकडे खोकी. भांडी कागदात गुंडाळलेली. बाई एका खुर्चीत, आणि ग्रामोफोन तेवढा टेबलावर तसाच. म्हणाल्या, “ये. तो शेवटी बांधायचा आहे.” मला पाणी दिलं, ते हातातच राहिलं. वाटेत मी वाक्यं पाठ केली होती, त्यातलं एकही आलं नाही. मी म्हटलं, “बाई, आवाज तुम्ही विसरला नाहीत. मी यंत्राचा वेग वाढवला. मुद्दाम. तुम्ही चिडून परत यावं म्हणून. ठिपका पण खोटा आहे.”

बाई अगदी शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, “बाहेर उभी राहा.”

मी बाहेर गेले. शेजारची एक लहान मुलगी येऊन विचारायला लागली, ताई, तू काय केलंस? मला काहीतरी थाप सुचायला हवी होती. माझ्याकडे शंभर असतात. मी म्हटलं, “फार वाईट केलं.” ती दोन पायऱ्या मागे सरकली.

मग आतून हाक आली. बाई खुर्ची फिरवून यंत्राकडे पाठ करून बसल्या होत्या. म्हणाल्या, “लाव. आणि फिरव हळूहळू. मी सांगते.”

मी चावी भरली, सुई बदलली, तबकडी लावली. मामा, मी ती तोवर ऐकलीच नव्हती. त्यांचे मिस्टर म्हणतात, “सुरू झालं का? बोलू? काय बोलू पण? अगं, तूच सांग. नळ बंद केलास ना घरचा? मग ठीक आहे.” आणि हसतात. बस, एवढंच आहे त्यात. माझ्या वेगावर ते असे बोलत होते, जणू कधी एकदा सुटतोय असं झालंय त्यांना. आणि बाई पंधरा दिवस रोज हे ऐकत होत्या.

मी स्क्रू जरा जरा ढिला करत गेले. तबकडी संपली की पुन्हा पहिल्यापासून. नळ बंद केलास ना, नळ बंद केलास ना. आवाज खाली खाली उतरत गेला. एकदा मी फारच खाली नेला तर बाईंनी नुसती मान हलवली. परत वर. मग त्यांचा हात वर गेला, तू लिहिलंस तसाच.

“हे.”

मी काट्याकडे बघितलं. ओरखड्याच्या थोडा डावीकडे होता. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही, तुझं दुसरं पत्र मिळालंच नव्हतं. मी नुसती वाट बघत होते की बाई रडतील किंवा मला बोलतील. त्या म्हणाल्या, “आज हे बरोबर वाटतंय. कालपर्यंत तो घाईतला आवाजही मी बरोबरच धरून चालले होते. मला काय कळतं आता? तू म्हणतेस म्हणून धरायचं?”

मामा, मला वाटलं होतं खरं सांगितलं की सुटलं. तसं नाही होत. मी त्यांना आवाज परत दिला, पण तो ओळखायची हिंमत त्यांच्याकडून काढून घेतली होती, ती कुठल्या स्क्रूने परत येते? आणि माझा शब्द तर मीच निकामी केलेला. त्या म्हणाल्या, जा, मला बांधाबांध करायची आहे. मी आले.

शटर वर केलं तर खाली तुझं पत्र पडलेलं. वाचत वाचत तांदळाच्या दाण्यापर्यंत आले आणि मी तिथेच लादीवर बसले.

आज सकाळी परत गेले. बाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, “आता काय?” मी तुझं पत्र पुढे केलं. अख्खं. भिंगरे म्हटलंयस ते, बरणीचं ते, सगळं. त्यांना फक्त ओरखड्याचा भाग वाचून दाखवता आला असता, वाटेत तसा विचारही केला होता. पण मी वाचलं असतं तर त्यांनी का मानावं?

त्यांनी खिडकीशी जाऊन वाचलं. परत वाचलं. मग स्वयंपाकघरात गेल्या, एक डबा बांधलेला होता तो सोडला, आणि तांदळाचा एक दाणा चिमटीत घेऊन आल्या. टेबलावर वाकून तो ओरखडा आणि काटा यांच्यामध्ये ठेवला. मावला.

मग त्या दाण्याकडेच बघत म्हणाल्या, “रडका बोलत नाही म्हणे. मी म्हटलंच होतं ह्यांना.”

मी ब्रश आणि लाल रंगाची बाटली नेली होती. म्हटलं, बाई, ठिपका तुम्हीच लावा. माझ्या हाताने नको. त्यांनी लावला. ब्रश जरा जास्तच बुडवला, त्यामुळे तुझ्यापेक्षा जरा मोठा झालाय. मला वाटलं आता माफ केलं म्हणतील. तसं काही म्हणाल्या नाहीत. मीही माफी मागितली नाही, तोंड झालं नाही. “बाहेर उभी राहा,” म्हणाल्या. मी उभी राहिले. आतून मिस्टर बोलत होते, संथ, जाड, कमी दाबाच्या पाण्यासारखे. मी कानांवर हात ठेवले. ते माझ्यासाठी नव्हतं.

थोड्या वेळाने दार उघडलं. मी बाटली मागितली, दुकानातली आहे म्हणून. बाईंनी ती पदराआड धरली, शाळेत माझ्या गोट्या जप्त करायच्या तशी.

“ही मामा परत येईपर्यंत माझ्याकडे राहील. ते आले की त्यांनी स्वतः येऊन, या दारात, माझ्याकडून घेऊन जायची. तोवर तू कुठेही ठिपका लावायचा नाहीस. कळलं?”

“कळलं बाई.”

“आणि ते खोकं जरा आत सरकव, वाटेत येतंय.”

मी खोकं सरकवलं, निघाले, आणि अर्धा जिना उतरल्यावर तशीच थांबले. मामा, तू यायला अजून महिना आहे, आणि बावीस तारीख तर उद्याच.

भिंगरी